उघडीच राहिलेली शाल

सत्काराची बातमी सत्काराच्या आधी लिहिलेली असते. कार्यक्रम संध्याकाळी असतो, प्रेसनोट दुपारीच येते आणि नोटेत सगळं घडून गेलेलं असतं. पाहुणे बोललेले असतात, टाळ्या वाजलेल्या असतात आणि सत्कारमूर्ती भारावून गेलेली असते. जिल्ह्याचं पान लवकर सोडावं लागतं, लांबच्या तालुक्यांच्या गाड्या आधी निघतात, म्हणून ही सोय. वर्तमानपत्राच्या नांदेड आणि लातूर इथल्या कार्यालयांत माझी सगळी नोकरी झाली. दोन्हीकडे 'भारावून गेले' हे शब्द इतक्या वेळा छापले की पुढं पुढं ते वाचणंही मी सोडून दिलं होतं.

या बातमीत पत्रकाराचं काम असतं ते नावांचं. आधी अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे आणि शेवटी 'यांची उपस्थिती होती' या तीन शब्दांआधी मावतील तेवढी माणसं. नावाचा क्रम चुकला तर सकाळी फोन येतो. नाव राहिलं तर माणूस येतो. फोटोचे नियम वेगळे. शाल एकच जण घालतो, पण शालीला हात लावणारे सहा-सात असतात. ज्याचा हात शालीला लागला, तो सत्कारात सामील झाला, असा हिशेब. नांदेडला एका संस्थेचे सहसचिव पेपर हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. "माझा हात होता हो यात. तुमच्या माणसानं कोपरापासून कापला." मी बारकाईनं बघितलं. बोटं होती, माणूस नव्हता.

देगलूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा किस्सा आमच्या कार्यालयात नव्या उपसंपादकांना सांगितला जायचा. त्यांच्या सत्काराची बातमी आली, ते भारावून गेल्याचं छापलं. दुसऱ्या दिवशी सर स्वतः नांदेडला आले. म्हणाले, "मी तापानं घरी पडून होतो. सत्कार झाला, पण मी नव्हतो." आम्ही हादरलो. दुरुस्ती छापतो म्हणालो. "नको, नको," सर म्हणाले, "बातमी चांगली आलीय. फक्त दोन अंक जास्तीचे द्या."

न भारावलेल्या सत्कारमूर्तीची बातमी मला एकदाच मिळाली. ती लातूरची. अजून फार वर्षं झालेली नाहीत. तिथली माणसं अजून त्याच जागी आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही आणि मुलींची नावं बदलली आहेत.

शहराबाहेरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजातल्या दोन मुली एका दुपारी कार्यालयात आल्या. दोघी पांढऱ्या गणवेशात, वॉर्डातली ड्युटी संपवून सरळ आलेल्या. एक शिवलीला, जळकोट तालुक्यातल्या लिंगायत शेतकऱ्याची मुलगी. दुसरी रुआती, मिझोरामची. दोघी वसतिगृहात एका खोलीत राहत होत्या. रुआती हिंदी शिकली होती ती लातुरात, पेशंटच्या नातेवाइकांकडून आणि रिक्षावाल्यांकडून. त्यामुळे ती बोलायला लागली की आमचा फोटोग्राफर मोईन मान वर करून बघायचा. त्याच्या आजीची दखनी भाषा ती.

"कशाची बातमी आहे?" मी विचारलं.

"बातमी छापा म्हनायला आलो न्हाईत सर," शिवलीला म्हणाली. "छापू नका म्हनायला आलोत."

असं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचित येतं. मी त्यांना बसायला सांगितलं.

प्रकरण असं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात फिशपाँडचा कार्यक्रम असतो. मुलं एकमेकांवर दोन-चार चिमट्याच्या ओळी लिहितात, खाली नाव न घालता पेटीत टाकतात. निवेदक त्या स्टेजवरून वाचतो. ज्याच्यावर ओळी आहेत, त्यानं उठून उभं राहायचं आणि हसायचं. अशी पद्धत आहे. चिठ्ठ्या आधी एका प्राध्यापकानं तपासायच्या, अशीही पद्धत आहे. त्या वर्षी रुआतीवर जी चिठ्ठी वाचली गेली, ती मी तेव्हा छापली नाही आणि इथंही देत नाही. तिच्या डोळ्यांचा आकार, तिचं जेवण आणि गल्लीतली कुत्री या तीन गोष्टी तीत यमक जुळवून आणल्या होत्या, एवढं पुरे. हॉल हसला. पहिल्या रांगेतले पाहुणे हसले. रुआती उभी राहिली आणि पद्धतीप्रमाणे तीही हसली. तिला त्या ओळींतली मराठी कळली नव्हती.

"खाली बसल्यावर तिनं मला इचारलं, काय म्हनले गं," शिवलीला सांगत होती. "मी म्हनलं, कायी न्हाई, मजाक. पन ती सोडंना. रूमवर जाऊन सांगाया लागलं."

दुसऱ्या दिवशी दोघी प्राचार्यांना भेटल्या. प्राचार्य म्हणाले, विनोद होता, खिलाडूवृत्तीनं घ्या. मग वर्गातल्या इतर मुली पुढं आल्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, फलक धरले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत प्राचार्यांच्या दालनासमोर रांगेत उभं राहायचं, घंटा झाली की वॉर्डात जायचं, एवढंच. ज्यांची ड्युटी असेल त्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या राहायच्या. मी पुढं रुग्णालयात चौकशी केली. त्या काळात एकाही मुलीची ड्युटी चुकली नव्हती. पेशंटला पाणी मिळालं नाही, असं म्हणायची संधी त्यांनी कुणाला दिली नाही. आंदोलनं मी पुष्कळ बघितली आहेत. एवढा हिशेबी संयम मोठ्या माणसांच्या आंदोलनांतही कमी बघितला.

मागणी एकच होती. चिठ्ठी कुणी लिहिली, ते त्यांना नको होतं. ज्या हॉलमध्ये ती वाचली गेली, तिथंच कॉलेजच्या वतीनं कुणीतरी उठून म्हणावं की हे चुकलं.

कॉलेजनं यावर तोडगा काढला. रुआतीचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रमुख पाहुणे, विषय राष्ट्रीय एकात्मता.

"मग चांगलं आहे की," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

शिवलीलानं माझ्याकडे बघितलं. "सर, एकदा अंगावर शाल पडली की तक्रार कशी करायची? सत्कार झाला की आमचं बोलनं संपलं. आनि तुमच्या पेपरात येनार, रुआती लई खुश झाली."

मग रुआती पुढं सरकली. ती म्हणाली, "मेरेकू शाल नक्को सर. मेरेकू वोइच हॉल होना, वोइच माईक होना."

इतकी वर्षं मी सत्कार छापत होतो, पण हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. आपल्याकडे भांडण मिटवायची ही जुनी रीत आहे. नाराज माणसाला स्टेजवर घ्यायचं, हार घालायचा, फोटो काढायचा. हार गळ्यात असताना कुणी भांडत नाही. कितीतरी बंडं मी अशी पिवळ्या झेंडूखाली मिटलेली बघितली आहेत आणि त्या फोटोंच्या ओळी लिहिल्या आहेत.

मी त्यांना आमच्या धंद्याचा नियम सांगितला. बातमी न छापण्याचं वचन देता येत नाही. जे होईल तेच छापीन, हे वचन देता येतं. कॉलेजची बाजूही विचारावी लागेल. रुआतीनं दोन अटी घातल्या. नाव नको, फोटोत चेहरा नको. तिकडं आईला मोबाईलवर दिसेल. मी कबूल केलं.

जाताना शिवलीला दारात थांबली. "सर, प्राचार्यांनी माझ्या अप्पांना बोलावलंय. पोरगी उद्धट झाली, घरी न्या म्हनले. अप्पा आले तर माझं हे शेवटचंच वर्ष अर्धं ऱ्हायील. तेवढं बी तुमाला ठावं असू द्या."

तिनं हे सांगितलं आणि मदत मागितली नाही. घरी नेलेली मुलगी पुन्हा वसतिगृहात येत नाही. तिच्या लग्नाचं बघायला लागतात. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मी प्राचार्यांना फोन लावला. ते मनापासून बोलले. "अहो, पोरींचं वय आहे. आपण तिला केवढा मान देतोय बघा. इतक्या लांबून आलेली मुलगी. तिच्यावर कधी कुणी शाल घातली असेल?" त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. सत्कारानं भरून येत नाही असं काही जगात असू शकतं, हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी प्रेसनोट आली. तीत रुआती सत्कारानं भारावून गेली होती. तिनं 'लातूर हे माझं दुसरं घर' असे उद्गारही काढले होते. अशा कार्यक्रमाला एरवी मी जात नाही. त्या दिवशी मोईनला घेऊन गेलो.

पत्रकारांना पुढच्या सोफ्यावर बसवतात. मी मागं दाराशी बसलो, तिथून हॉल दिसतो. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ होते. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर रिकामी गोणपाटाची पिशवी घडी घालून ठेवलेली. जळकोटहून आल्याचं म्हणाले, तेव्हा मला कळलं, हे शिवलीलाचे अप्पा.

"पोरीला न्यायला आलो सायेब," ते म्हणाले. "प्राचार्य सरांचा फोन आला. तुमची पोरगी कुनासंगं ऱ्हाती, ती पोरगी काय काय खाती, ठावं हाय का म्हनले. आमी लिंगायत. आमच्या घरात अंडं बी येत न्हाई."

म्हणजे चिठ्ठीतली तीच गोष्ट आता फोनवरून जळकोटपर्यंत गेली होती.

"मुलगी काय म्हणाली?"

"म्हनली, अप्पा, आधी बघा, मग न्या. म्हनून बसलोय."

स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं. प्राचार्य एकात्मतेवर बोलले. मग रुआतीचं नाव पुकारलं. ती गणवेशात स्टेजवर गेली. प्रमुख पाहुण्यांनी शाल उलगडली, दोन्ही हातांत पसरून धरली, आणि मान्यवरांचे हात शालीकडे सरकले. शाल घालून घ्यायला मान थोडी खाली करावी लागते. रुआतीनं हात जोडले, पाहुण्यांना नमस्कार केला, पण मान खाली केली नाही. वळून निवेदकाकडे माईक मागितला. ती आभार मानणार असं वाटून त्यानं तो देऊन टाकला.

"सर," ती म्हणाली, "उस दिन मेरे पे जो पढ़े थे, वो फिरसे पढ़ो."

हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"जोक था बोलके बोले ना सबजन? जोक है तो आज बी हँसी आना. हँसे तो मैं शाल लेती. जरूर लेती."

प्राचार्य उठले. आवाज मऊ होता. "बाळ, ते झालं गेलं. आजचा प्रसंग वेगळा आहे."

"हॉल तो वोइच है सर."

निवेदक पुटपुटला की ती चिठ्ठी आता कुठं असणार. पाहुणे शाल धरून उभेच होते. खाली सोडावी की धरून ठेवावी, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

मधल्या रांगेतून शिवलीला उठली. "चिठ्ठी कशाला सर? मला पाठ हाय."

माझ्या शेजारी पिशवीची घडी मोडल्याचा आवाज झाला. "ही आमची," अप्पा म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

"त्या दिवशी मी बी हसले होते," शिवलीला म्हणाली. माईक नव्हता, पण शेवटपर्यंत ऐकू येत होतं. "लई हसले. मग हिनं अर्थ इचारला, आनि मला एकएक शब्द हिंदीत सांगाया लागला. सांगताना तोंड वर करता येईना. आता म्हनते. ज्यांना हसू येईल त्यांनी हसावं."

आणि तिनं ती चिठ्ठी म्हणून दाखवली. यमकासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सपाट आवाजात. मागच्या एका रांगेत कुणीतरी सवयीनं हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. दुसरा आवाज आला नाही. ती म्हणून झाल्यावर खाली बसली नाही, उभीच राहिली. वडील मागं बसलेत, हे तिला माहीत होतं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

स्टेजच्या कडेच्या खुर्चीवरून सांस्कृतिक विभागाच्या मॅडम उठल्या. पन्नाशीच्या, शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. त्या दिवशी त्यांचं भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. त्यांनी रुआतीकडून माईक घेतला.

"सगळ्या चिठ्ठ्या तपासायचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या. "ही मी वाचली होती. चालेल असं मला वाटलं. तसं वाटायलाच नको होतं. रुआती, माझं चुकलं. याच हॉलमध्ये चुकलं, म्हणून इथंच सांगते."

मुलींना हवं होतं ते एवढंच वाक्य होतं. कॉलेजनं ते म्हटलं नाही, एका बाईंनी म्हटलं. त्यासाठी त्यांनाही धैर्य लागलं असणार, कारण त्या खाली बसल्या तेव्हा प्राचार्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"थँक्यू मॅडम," रुआती म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळून तिनं पुन्हा नमस्कार केला. "शाल रहने दो सर. गरमी बहुत है." आणि स्टेजवरून उतरली. हॉल या वेळी हसला, पण ते हसणं तिच्यावर नव्हतं. तीही हसत होती, आणि या खेपेला तिला अर्थ कळत होता.

उलगडलेल्या शालीची घडी एकट्याला घालता येत नाही. प्राचार्यांनी दुसरं टोक धरलं. टोकाला टोक जुळेना. चादरीची घडी कशी घालायची याची परीक्षा देऊन पास झालेल्या सगळ्या मुली ते समोर बसून बघत होत्या.

कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी मला गाठलं. "बातमी कशी देणार?"

"झालं तशी."

"आमची प्रेसनोट मिळाली असेलच."

"मिळाली. तीत ती भारावून गेलीय."

"चहा घ्या," प्राचार्य म्हणाले.

मोईननं एकच फोटो निवडला होता. पाहुणे दोन्ही हातांत शाल पसरून उभे आहेत, आजूबाजूला शालीकडे गेलेले हात आहेत आणि शालीखाली कुणी नाही. मी तो मुख्य कार्यालयात पाठवला. तिकडून वृत्तसंपादकांचा फोन आला.

"फोटोत कोण आहे?"

"प्रमुख पाहुणे."

"आणि सत्कारमूर्ती?"

"नाही."

"मग फोटो कशाचा आहे?"

"शालीचा."

"जाऊ द्या पानात," ते म्हणाले. बातमीत रुआतीचं नाव नव्हतं, चिठ्ठीतला मजकूर नव्हता. एका विद्यार्थिनीनं सत्कार नाकारला, का नाकारला, प्राचार्य काय म्हणतात आणि एका प्राध्यापिकेनं जाहीरपणे चूक कशी मान्य केली, एवढंच होतं. विशेषण एकही नव्हतं. त्या दिवशी कुणाचा हात कापला गेल्याची तक्रार आली नाही.

कॉलेजनं पुढंही आपल्या वतीनं एक शब्द काढला नाही, याची खंत आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात फिशपाँड झाला नाही. 'वेळेअभावी' असं फलकावर लिहिलं होतं. दोघी मुली पास झाल्या. शिवलीला आता नांदेडला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रुआती तिच्या गावी गेली. तिकडून ती शिवलीलाला फोन करते तेव्हा दोघी लातूरच्या हिंदीत बोलतात.

एक गोष्ट त्या बातमीत आली नव्हती. ती बातमीत बसणारी नव्हती.

हॉल रिकामा होत असताना अप्पा बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. शिवलीला त्यांच्यासमोर आली. मागं चार पावलांवर रुआती. मी मोईनच्या मोटारसायकलीपाशी होतो, सगळं ऐकू येत होतं.

"चल," अप्पा म्हणाले.

शिवलीलानं मान हलवली. "कपडे भरून आनते."

"कपडे कशाला? एष्टीला येळ हाय. जेवून घेऊ म्हनलो." त्यांनी पिशवी झटकून काखेत धरली. मग रुआतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती जागची हलली नाही. ज्या प्रश्नासाठी त्यांना जळकोटहून बोलावलं होतं, तोच प्रश्न त्यांनी विचारला.

"काय खातीस गं तू?"

रुआतीला एवढी मराठी कळत होती.

"भात," ती म्हणाली. "भात लई खाते, अप्पा."

"मग चल की," ते म्हणाले. "भातच खाऊ."